अंगठा किती सरकला?

वाशीम, कार्तिक वद्य पंचमी, सन १९३४

प्रिय,

पुढे नाव लिहीत नाही. पाकिटावर मास्तरांनी लिहिलंय तेवढं पुरे. 'प्रिय' लिहायला तुम्हीच नागपूरहून बजावलंत, तेव्हा घ्या. आईला वाचता येत नाही हे माझं नशीब.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत एकच विचारणा, अंगठा किती सरकला? हात लांब करून अंगठा धरायचा, आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा, की अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. जवळ धरला तर जास्त, लांब धरला तर कमी. ताऱ्यांचं अंतरही असंच काढतात म्हणे. आज एक तारा बघायचा, सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली की तोच पुन्हा बघायचा, आणि मागच्या ताऱ्यांमधून तो केसभर सरकला तर त्यावरून गणित मांडायचं. केसभरासाठी अर्धं वर्ष! तुमच्या कॉलेजातल्या लोकांना दुसरं काम नाही का?

पण खरं सांगू, मला ते फार आवडलं. वांग्यांना पाणी देऊन झालं की मी विहिरीच्या काठावर बसते. तारे एकेक उमटतात आणि बसल्या जागी आपण केवढा प्रवास करतोय असं वाटून अंग हलकं होतं. लहानपणी झालेल्या लग्नाला सात वर्षं झाली. संक्रांतीनंतर तुम्ही मला पहिल्यांदा सासरी न्याल, तोवर पृथ्वी कुठे पोचली असेल याचाच विचार करत राहते.

अंगठ्याचं उत्तर मात्र मी टाळत होते. माझा अंगठा सरकत नाही हो. गेल्या माघात तुरी बडवताना काडी उडून डाव्या डोळ्यात गेली. वरून काही कळत नाही, पण उजवा मिटला की अंगठाही नाही आणि भिंतही नाही. आई म्हणते, "जावयाले सांगू नको, बाई. कोणाले दिसून राह्यलं?" एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही, किती महिने पाणी पेल्याबाहेर ओतत होते. तुमच्या पत्रावरून सुचलं, पृथ्वीसुद्धा जागा बदलूनच बघते. आता मीही मान जरा इकडे, जरा तिकडे नेऊन बघते. पेला चुकत नाही.

तुम्हाला फसवून तुमच्या घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून हे पत्र. मेडशीला सासूबाईंनाही सांगा, मग यायचं की नाही ते ठरवा. नाही आलात तर मी खूप रडेन, खोटं कशाला बोलू? आणि आलात तर बैलगाडीत चढताना मला हात द्या. चारचौघांत नवरा बायकोला हात देत नाही, ठाऊक आहे. पण नव्या जागी पाय कुठे टाकायचा, ते मला अजून एकटीला कळत नाही.

तुम्ही म्हणाल तर तुमचीच,
अंजना