सात मिनिटं, पानेवेझिस

१२ सप्टेंबर १९९८
पानेवेझिस शहराच्या बास्केटबॉल क्लबच्या करारावर सही केली. आता मी व्यावसायिक खेळाडू. नाताळपर्यंत सुरुवातीच्या पाच खेळाडूंत, पुढच्या उन्हाळ्यात देशाच्या संघात. रामुने म्हणाली, आधी खोलीला पडदे लावू. बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

३ ऑक्टोबर
पहिली मॅच. चार मिनिटं, दोन पॉइंट. मग प्रशिक्षक ब्रोनिउस सरांनी बाहेर बसवलं. उघड आहे, प्रतिस्पर्ध्यांना मी इतक्यात दिसायला नकोय.

२५ ऑक्टोबर
डावा गुडघा सुजलाय. हॉल फार थंड, दुसरं काही नाही. रामुनेने कोबीची पानं बांधली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतली गादी झिजलीय, खेळ थांबवा. पण त्या मुळात पोहणाऱ्यांच्या डॉक्टर. सरांना सांगितलं, फिट आहे.

१४ नोव्हेंबर
बाबांचा गावाहून फोन. मध्ये मध्ये दम लागत होता. रेडिओवर प्रत्येक मॅच ऐकतात. विचारलं, तुझं नाव कसं येत नाही? म्हटलं, निवेदक नवा आहे, गोंधळतो. बाबा बरं म्हणाले.

६ डिसेंबर
न कळवता बाबा आले. तीन तास बस. सरांसाठी घरचं धुरी दिलेलं डुकराचं मांस, कागदात गुंडाळून. दुसऱ्या रांगेत बसले, टोपी मांडीवर. शेवटच्या भागात सरांनी विचारलं, "गुडघा?"
"दगडासारखा भक्कम, सर."
सात मिनिटं खेळलो. पाच पॉइंट, एक ब्लॉक. बाबा उभे राहिलेले दिसले. मग उडी मारली, उतरलो, आणि गुडघा उलटा वळला. बाकीचं आठवत नाही. पाच पॉइंट मात्र नक्की.

८ डिसेंबर
हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. बाबा अजून गावी गेलेले नाहीत. सफरचंद सोलत खाली बघून म्हणाले, "हॉलबाहेर भेटलास तेव्हाच लंगडत होतास. सरांना सांगायला हवं होतं मी. पण मला तुला एकदा खेळताना बघायचं होतं रे, विर्गिस."
म्हटलं, मार्चमध्ये परत या, अख्खी मॅच खेळेन. त्यांनी सफरचंदाची फोड पुढे केली.

१९ जानेवारी १९९९
क्लबचं पत्र. करार संपवलाय. खाली लिहिलंय, पुढील वाटचालीस शुभेच्छा. म्हणजे दार उघडं आहे. रामुनेला दोनदा वाचून दाखवलं. ती पडदे काढून घडी घालत होती. खोली क्लबची आहे.

२ फेब्रुवारी
गावी, बाबांकडे. गुडघ्याचा व्यायाम रोज शंभर वेळा. आज बारा झाले. बर्फामुळे.

२१ फेब्रुवारी
बाबा गुरुवारी गेले. आज माती दिली.
चर्चपासून दफनभूमीपर्यंत शवपेटी सहा जणांनी खांद्यावर नेली. शेजारी, दोन चुलतभाऊ, पोस्टमन. मी मागून, काठी टेकत. गावात सगळ्यांत उंच मी, मुलगाही मीच.
परतताना रामुनेला म्हटलं, मी खांदा दिला असता तर पेटी एका बाजूला तिरपी झाली असती, म्हणून त्यांनी मला घेतलं नाही.
ती म्हणाली, "गुडघ्यामुळे घेतलं नाही, विर्गिस."
हो म्हटलं.