शंभराचा कागद

अकोला, दि. ५ डिसेंबर २०२१

ती. ताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेले, फोन सुटला आणि मला पुन्हा पत्रे लिहायची सवय लागली. गावच्या शाळेत अक्षरासाठी मार खाल्ला, तो आता कामी येतो आहे.

भाऊजींच्या माघारी रेल्वेकडून आलेल्या दहा लाखांचे काय करू, असे विचारलेस. बँक मुदत ठेवीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास देते. त्यापेक्षा सरकारी कर्जरोखा घे. सरकार आपल्याकडून पैसे घेते आणि तसा कागद देते. शंभराच्या कागदावर दरसाल सात रुपये. तुला वर्षातून दोनदा पस्तीस हजार मिळतील. मुद्दल २०६१ साली परत. मी मुद्दाम सर्वांत लांब मुदतीचा निवडला आहे. आपल्या घरी शेत-वावर घेताना मुदत कोणी विचारली? हा कागद म्हणजे वर्षाच्या ठरीव रकमेवर, मक्त्याने दिलेले वावर समज. मक्ता घरी येत राहील, वावर जागचे हलणार नाही. सरकार काही बुडत नाही, तेव्हा शंभराचे शंभर कायम.

सौ. सीमाने मुगवड्या घातल्या आहेत, कोणी तिकडे येणारा मिळाला की पाठवतो. प्रार्थनेला बसलो की तुझी आठवण होते. माया ठेव.

तुझा, खुशाल

बडनेरा, दि. १४ डिसेंबर २०२१

चि. खुशालास,
अ. उ. आ.

कागद घेऊन टाक. २०६१ साली मी सत्त्याण्णव वर्षांची असेन. काठी टेकत अकोल्याला येईन आणि तू शहाऐंशीचा म्हातारा थरथरत्या हाताने मला मुद्दल मोजून देशील. हे असते तर म्हणाले असते, की तुझ्या भावाने यमाशीही बोलणी करून ठेवलेली दिसतात.

पौर्णिमा म्हणते, मामाले विचार, मधेच गरज पडली तर शंभराचे शंभर भेटतात का. मी तिला रागावले, की मामा आपले वाईट काहून करेल. तरी पोरीचे समाधान कर, उत्तर लिही. सीमाला आशीर्वाद. मुगवड्यांत मिरची बेताची घालायला सांग. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी, सुभद्राताई

बडनेरा, दि. ४ जुलै २०२२

चि. खुशालास,
अ. उ. आ.

जूनचे पस्तीस हजार वेळेवर आले. तुझी मधली तीन पत्रेही आली. पौर्णिमाचा प्रश्न त्यांत राहून गेला. मीही पुन्हा विचारले नाही.

आता कामाचे लिहिते. रेल्वेचे क्वार्टर सोडल्यापासून आम्ही नत्थुजींच्या ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो, त्या ते विकून लेकाकडे नागपूरला चालले आहेत. दहा लाख म्हणतात. पोळ्यापर्यंत बाई तुमच्यासाठी थांबतो, मग मले बोल लावू नका, असे त्यांनी पाटीवर लिहून दाखवले. दलाल रोज येऊन भिंती मोजून जातो. खुशाल, माहेरचे घर बाबांचे होते, क्वार्टर रेल्वेचे, आणि हे नत्थुजींचे. माझ्या नावाच्या दारात मी आजवर राहिले नाही.

मुदत लांब आहे, सरकार आज पैसे देणार नाही, हे मला समजते. म्हणून असे कर, तो कागद तू घे आणि मला दहा लाख दे. बायपासमध्ये गेलेल्या वावराचे पैसे बँकेत पडून आहेत, असे तूच म्हणाला होतास. कागद शंभराचा आहे, तेव्हा तुझे काही जाणार नाही. वाट पाहते. जीव लावतोस तो असाच लाव.

तुझी, सुभद्राताई

अकोला, दि. १८ जुलै २०२२

ती. ताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दोन आठवडे हिशेब करत होतो.

तू समजतेस तसे हे सरळ नाही. तुझे वावर चाळीस वर्षांसाठी सात रुपये मक्त्याने बांधले गेले आहे. डिसेंबरनंतर व्याजाचे दर चढले. आज शेजारचे तसेच वावर पावणेआठच्या आसपास मक्ता देते. मग तुझ्या वावराला शंभर कोण देईल? घेणारा भाव पाडून मागतो, म्हणजे त्यालाही तेवढाच परतावा पडावा. दर चढला की जुन्या कागदाचा भाव उतरतो, आणि मुदत जितकी लांब तितका जास्त उतरतो. आज तो साडेएक्याण्णव आहे. २०६१ पर्यंत ठेवशील तर शंभर पूर्ण मिळतील, ते मी खोटे लिहिले नव्हते.

सीमाचे म्हणणे पडले, की बहीण-भावाच्या व्यवहारात कोणावर अन्याय नको, बाजाराचा भाव धरावा म्हणजे उद्या बोलायला जागा राहत नाही. मलाही ते पटले. नऊ लाख पंधरा हजार तुझ्या खात्यात पाठवतो. कागद माझ्या नावावर करू. परक्याला देण्यापेक्षा घरातच राहिलेला बरा. राग मानू नकोस, आशीर्वाद असू दे.

तुझा, खुशाल

बडनेरा, दि. २९ ऑगस्ट २०२२

चि. खुशालास,
अ. उ. आ.

पैसे मिळाले. नत्थुजींनी हजारही सोडला नाही. आईच्या पाटल्या मोडल्या, त्यांचे पंच्याऐंशी हजार आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खोल्या नावावर झाल्या.

कचेरीत बसले असता तुझ्या नावे केलेल्या हक्कसोडीचा दिवस आठवला. मूर्तिजापूरला माझ्या वाट्याची दोन एकर मी तुला सोडली, तेव्हा कारकुनाने मोबदला विचारला होता. तूच सांगितलेस, काही नाही, प्रेमापोटी. त्याने तसेच लिहिले. ते वावर अजून बायपासमध्ये गेले नव्हते. त्या दिवशी त्याचा भाव काय होता, हे मला ठाऊक नाही. तुला असेल.

मक्त्याचे तू फार चांगले समजावलेस. पौर्णिमालाही समजले. पोरे सुखात असोत.

सुभद्रा

अकोला, दि. २ जून २०२५

ती. ताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

तीन वर्षांत तुझी दोन पत्रे आली, दोन्ही दिवाळीची, चार-चार ओळींची. मी कारण विचारले नाही, कारण मला ते माहीत आहे.

व्याजाचे दर आता उतरले आहेत. जुन्या कागदाचा सात रुपये मक्ता पुन्हा बरा वाटू लागला आणि भाव चढला. गेल्या आठवड्यात मी तो एकशे एकाने विकला. घेतल्याच्या आणि विकल्याच्या भावांमधे पंच्याण्णव हजार उरले. दरसालचे सत्तर हजार व्याज मी खाल्ले ते वेगळे.

मी तुला भाव कसा उतरतो ते दोन पाने लिहिले. तुझे जितके जाते तितकेच घेणाऱ्याला मिळते, एवढी एक ओळ लिहिली नाही. घेणारा मी होतो. आणि पौर्णिमाचा प्रश्न राहून गेला नव्हता, ताई. उत्तर मला तेव्हाच माहीत होते. ते लिहिले असते तर तू मुदत ठेव केली असतीस आणि मी शहाणा ठरलो नसतो. गुरुवारी देवळात जातो, पण डोके टेकवून काय मागावे ते सुचत नाही.

पंच्याण्णव हजारांचा धनादेश सोबत आहे. घे. तू दोन शब्द लिहिलेस तरी पुरेत.

तुझा, खुशाल

बडनेरा, दि. ११ जून २०२५

चि. खुशालास,
अ. उ. आ.

धनादेश परत पाठवते आहे. सराफाकडे चौकशी केली. त्या दोन पाटल्या आज करायच्या तर एवढ्यात दीड पाटलीसुद्धा होत नाही म्हणे, आणि झाली तरी ती आईची नसेल. तेव्हा आपल्यातला हा हिशेब तसाच असू दे. माझा राग नाही, पण तो गेला आहे असेही लिहीत नाही.

खोल्यांना चुना लावला. दारावर पौर्णिमाने माझ्या नावाची पाटी ठोकली आहे. सीमाला म्हणावे, कधी आलात तर चहाला या.

पौर्णिमाने पहिल्या पगारातून माझ्या कानाला यंत्र आणले. आता गाडीची शिट्टी ऐकू येते, फोनही येईल. पण तू फोन करू नकोस, पत्रच लिहीत जा. बोलण्यात माणूस काय गाळतो ते समजत नाही. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येते.

सुभद्रा