खाजेचं मूळ

३ फेब्रुवारी, सोमवार
खाज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांना, आणि जिथलं लिहिणं बरं दिसत नाही तिथेही. नवराही खाजवतोय. लेक वर्गात बाकावर पाठ घासते, म्हणून तिच्या बाईंची चिठ्ठी आली. सासरे तर महिनाभर फुटपट्टी पाठीत घालून फिरताहेत — "उष्णता" म्हणे. चौघांची चाळीस नखं, एकालाही सुट्टी नाही.

५ फेब्रुवारी
मी गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत असताना पार्लरच्या मालकिणीनं माझे हात पाहिले. हळूच बाजूला घेतलं. "बरं वाटेपर्यंत घरी थांब." पगार? "घरी बसायचे कोण देतं गं?"
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "घरीच आहेस तर चहा टाक."

६ फेब्रुवारी
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "खरूज. किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो." दोन खोल्यांत आम्हीच मावत नाही, त्यात हे भाडेकरू.
मग उलटतपासणी. माणसं किती, खोल्या किती, टॉवेल किती? नवरा म्हणाला, दोन. खोटारडा. एकच आहे, दुसऱ्याचं कधीच पायपुसणं झालं. लेक कुणाजवळ झोपते? आजोबांजवळ.
"आजोबा, तुमची सगळ्यांत जुनी दिसतेय."
सासरे भडकले. "मी दिवसातून दोनदा अंघोळ करतो."
"किड्याचं त्यानं काही अडत नाही."
चार माणसांची मलमं, गोळ्या, फी — माझा आठवड्याचा पगार गेला. तोही न मिळणारा.

७ फेब्रुवारी
गळ्यापासून तळव्यापर्यंत मलम, चौघांनी एकदमच. सासऱ्यांच्या पाठीला नवऱ्यानं लावलं. "भिंत रंगवतोयस का रे?" एरवी बापलेक एकमेकांना पेपरसुद्धा हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात.

८ फेब्रुवारी
सगळे कपडे, चादरी उकळल्या. गॅस संपला. लेकीचा कापडी ससा किडे मरेपर्यंत पिशवीत कोंडलाय. ती त्याच्याशी बाहेरून बोलते.

१४ फेब्रुवारी
मलमाची दुसरी फेरी. कपडे पुन्हा उकळले. कंबर गेली.

२६ फेब्रुवारी
पुन्हा नवी बिळं. सासऱ्यांना आणि लेकीला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध न लावलेलं बाहेरचं कुणीतरी आहे. तुमच्यापैकी एकजण त्या माणसाला रोज बराच वेळ जवळ घेतोय."
मी नवऱ्याकडे पाहिलं. घरी येईपर्यंत पाहतच होते.
"मला तू तरी जवळ घेतेस का?" म्हणाला. साळसूदपणा नव्हता, तक्रार होती. तरी मी त्याचा मोबाइल चाळला. नुसते नळाच्या सामानाचे भाव. ज्याचा संशय घ्यावा, तो इतका कंटाळवाणा निघावा!
सासरे आल्यापासून घरातच बसून होते. रोजच्या वाचनालयातही गेले नाहीत.

२७ फेब्रुवारी
आजही नाही. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.
"त्याला बोलू नकोस. तो नाही. मी आहे."
नणंदेनं चार वर्षांपूर्वी मनासारखं लग्न केलं, तेव्हा सासऱ्यांनीच बजावलं होतं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. आम्ही काढलं नाही. भित्रे आम्ही. तिला मुलगी झाल्याचंसुद्धा दुसऱ्यांकडून कळलं.
ती पोरगी दीड वर्षाची आहे. आई कामावर गेली की पाळणाघरात असते, वाचनालयाला लागूनच. आणि हे गेले सहा महिने रोज तासभर तिला मांडीवर घेऊन बसतात.
"तिच्याही बोटांत फोड आहेत," म्हणाले. "मला दिसत होते. बोलायचं कुणाकडे?"
"आईला ठाऊक आहे तिच्या?"
"नाही. पाळणाघरवाल्या बाईंना शपथ घातलीय."
काहीतरी झणझणीत बोलणार होते. म्हातारा रडत होता. पाणी दिलं.
उद्या मीच जाऊन सांगते तिला.

२८ फेब्रुवारी
चपला घालत होते, तर नणंदच दारात. कडेवर पोरगी.
"दोन दिवस बाबा आले नाहीत," म्हणाली. "पाळणाघर मी मुद्दाम वाचनालयाशेजारचं शोधलं होतं. बरे आहेत ना ते?"