वाळूचा दांडा

२ फेब्रुवारी

आज राखीव रानातून नदीकाठाने थेट खाडीपर्यंत! हे गेल्यापासून सासूबाई मला रोज उठवून बाहेर काढतात. आधी रानाच्या फाटकापर्यंत, मग पुलापर्यंत. आज पाण्यात एक बगळा ध्यान लावून उभा होता. आई म्हणाल्या, "अगदी तुझे सासरे! सकाळभर उभे, काम शून्य." मी हसले. किती महिन्यांनी — आणि मोठ्याने.

५ फेब्रुवारी

थोरल्या दिरांचा फोन. रविवारी येऊन आईंना घेऊन जाणार. "तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा?" भार! मला उभं आईंनी केलं. हे फोनवर बोलता आलं नाही. आई मान खाली घालून बुटांचा चिखल खरवडत राहिल्या.

६ फेब्रुवारी

आजही चाललो. खारफुटीत खंड्या दिसला. तेवढंच बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

दीर आले. दुपारच्या गाडीची तिकिटं खिशात. आई म्हणाल्या, "आधी माझं रान तर बघ."

फाटकावर भरतीच्या वेळांचा फळा असतो. आई नेमक्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या — दिरांना दिसू नये अशा! मी पुढे चालू लागले.

नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर पोचलो आणि मागची वाट पाण्याखाली गेली. दांडा उंच, भीती नव्हती. पण ओहोटी लागेपर्यंत सुटका नाही.

"आई, गाडी चुकेल!"

"चुकू दे. पाय भिजवू नकोस, तुला लगेच सर्दी होते."

दीर चिडले, येरझाऱ्या घातल्या, शेवटी वाळूत बसले. बऱ्याच वेळाने पाण्याकडे बघतच बोलले. जाऊबाई कधीच्याच सोडून गेल्यात. "इथे आधीच काय कमी होतं, म्हणून सांगितलं नाही. कुलूप मीच लावतो, मीच उघडतो. आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवतो."

आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाणी ओसरेपर्यंत काढला नाही.

परतताना मात्र माझ्या मनात एकच — आई राहिल्या! पाण्याचे उपकार, वाळूचे उपकार.

९ फेब्रुवारी

आईंनी सकाळी स्वतःच बॅग भरली. "तुझं दुःख चालायला लागलंय गं. त्याचं अजून बसून आहे."

मी चेन लावून दिली.