परतीचा माल

तारीख ३, सोमवार

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी. चोपन्नाव्या वर्षी माणसाने निदान एक तरी गोष्ट जुनी ठेवावी, म्हणून बायको तीच ठेवली आहे. हे वाक्य हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, ठेवणारे तुम्ही कोण? मी राहिले म्हणून ठेवल्यासारखी दिसते. रोजनिशीचा प्रारंभच पराभवाने झाला.

तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती आणि तीही दाराशी बसायची. मग शाळेने विषयच बंद केला. आता परदेशात माल पाठवणाऱ्या कंपनीत पत्रलेखक झालो आहे. या कंपनीकडे स्वतःचं जहाज नाही, ट्रक नाही, साधी हातगाडीही नाही. आहे ते एक सॉफ्टवेअर. मालाचं वजन, आकारमान, कुठून आणि कुठे, एवढं सांगितलं की कोणतं जहाज, कोणती रेल्वे, कुठे मुक्काम आणि खर्च किती, हे सगळं मिनिटभरात पुढ्यात. ऑफिसात त्याला सगळे वाटाड्या म्हणतात. पण त्याचं उत्तर म्हणजे नुसते आकडे आणि संक्षेप. ते वाचून गिऱ्हाईक भडकतं. तर सूत्र त्याचं, भाष्य माझं. पाणिनीच्या काळात पगार काय होता ठाऊक नाही, इथला बरा आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ही भाजी चिरताना गुणगुणते ते घरभर ऐकू येतं. गेली एकोणतीस वर्षं एकच चाल, आणि तिसऱ्या ओळीत हमखास घसरते.

तारीख ५, बुधवार

पहिलं पत्र पाठवलं. एका फरशीवाल्याचा सवाल होता की माझा माल दक्षिणेला जायचा असताना आधी उत्तरेला का निघालाय. मलाही तेच वाटलं होतं. साहेबांनी समजावलं की वाटाड्याला मालाची पेटी रिकामी परत आणणं सोसत नाही. जिथून परतीचा माल मिळेल तिकडूनच तो पेटी नेतो, आणि माल नसला तर शोधून काढतो. मिळतोच, साहेब म्हणाले. आजवर एकही पेटी रिकामी आलेली नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. म्हणाली, म्हणजे बाईमाणूस आहे तुमचा वाटाड्या, शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाही. हेच वाक्य जरा सोवळं नेसवून उद्याच्या पत्रात घालणार आहे.

तारीख ७, शुक्रवार

आज सरावाची नोंद. इथे नव्या माणसाने एक खोटा माल खोट्या पत्त्यावर पाठवून हात बसवायचा असतो. माझ्या शेजारच्या टेबलावर मोठ्या बाई बसतात. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांनी बजावलं की ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन्ही रकान्यांत एकच पत्ता लिहायचा. इथली पद्धतच आहे. गेलं तर परत आपल्याच दारात यायला हवं. त्यांनी स्वतः आपली छत्री लिहिली होती. छत्री कोपऱ्यातून नाहीशी झाली, आणि तीन आठवड्यांनी जागेवर आली ती मिठाने पांढरी होऊन. मी म्हटलं, बाई, छत्रीला हवापालट मानवलेला दिसतो. त्या हसल्या नाहीत.

दोन्हीकडे एकच पत्ता म्हणजे प्रवास कसला? मी नीट लिहिलं. माल : पत्नी. नग : एक. वजन : अठ्ठावन्न किलो. वरची बाजू वर ठेवावी, आदळआपट करू नये. कुठून : आमचं घर. कुठे : लेकीचं घर. लेक समुद्रापार असते. तिचे दिवस भरत आलेत, आणि बाळंतपणासाठी ही वीस तारखेला तिकडे निघणारच आहे. म्हटलं, वाटाड्याचं मतही घेऊन पाहू.

पुढे दोन प्रश्न होते. सर्वांत लवकर की सर्वांत स्वस्त? स्वस्त. तुकड्यांनी पाठवला तर चालेल? चालेल लिहिलं, कारण ही आजवर कुठेही एका वेळी पूर्ण पोहोचलेली नाही. स्वतः पुढे, पिशवी मागे आणि चष्मा घरी.

मोठ्या बाई माझ्या पडद्याकडे वळून बघत्या झाल्या. पत्ता बदला, एवढंच म्हणाल्या. बदलायला गेलो, तर बदलेना. ‘माल स्वीकारला’ असं आलं होतं.

तारीख ८, शनिवार

हिला सगळं सांगून टाकलं. आधी वजनावरून भांडली. दोन किलो चढवून लिहिलेत म्हणाली. मग म्हणाली, तुकड्यांनीच पाठवताय तर आवाज आधी पाठवा, तेवढंच तुम्हाला सुख. दोघंही पुष्कळ हसलो.

तारीख १०, सोमवार

सकाळी स्वयंपाकघरात सुरी चालत होती, पण गुणगुणणं नव्हतं. जाऊन पाहिलं. ही बोलत होती. ओठ हलत होते, हात हलत होते, चेहऱ्यावर नेहमीचा वैताग होता, आवाज तेवढा नव्हता. घोगराही नाही, कुजबुजही नाही.

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, चार दिवस विश्रांती द्या. घरी आल्यावर हिने कागदावर लिहून दिलं : झालं का सुख? तो कागद इथेच चिकटवून ठेवतो आहे. बरी झाली की दाखवेन.

तारीख ११, मंगळवार

लेकीचा फोन आला. मोठी खुशीत होती. म्हणाली, बाबा, दिवस भरत आले की भास होतात का हो? सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आई गुणगुणत होती. तिसऱ्या ओळीत घसरलीसुद्धा.

मी म्हटलं, होतात भास.

ऑफिसात सरावाची नोंद उघडली. तुकडा पहिला : पोहोचला.

तारीख १२, बुधवार

साहेबांना गाठलं. त्यांच्या मते सरावाचा विभाग कशालाच जोडलेला नाही, त्यातून पोस्टाचं तिकीटही हलत नाही, आणि मी जागा बदलल्यामुळे थकलो आहे.

दुपारी मोठ्या बाईंनी एक जुनं पान उघडून दाखवलं. माझ्या खुर्चीवर माझ्याआधी जो होता त्याची नोंद. नग एक, आई. सर्वांत स्वस्त. सात वर्षांपूर्वीची. स्थिती : वाटेत. तिच्याखाली महिन्याने त्याचीच दुसरी नोंद होती. नग एक, स्वतः. स्थिती : वाटेत.

बाई म्हणाल्या, स्वस्त मार्ग असाच असतो हो. जिथे थांबायला काही भाडं पडत नाही तिथे तो माल थांबवून ठेवतो. मग थांबतोच. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, सांगितलं की. छत्रीचं सांगितलं.

या खुर्चीवर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. ती अजून त्याच्याच उंचीची आहे, हे आज लक्षात आलं.

तारीख १४, शुक्रवार

रद्द करायची सोय आहे. अट एकच : संपूर्ण माल उगमस्थानी हजर हवा.

हिला घेऊन गोदामात गेलो. तिथल्या काट्यावर जो माणूस असतो त्याला सगळे काटेवाले म्हणतात. सगळ्यांना मालक म्हणून हाक मारणारा, मोठा थट्टेखोर. म्हणाला, या मालक, वहिनींची निर्यात करताय की काय? ही काट्यावर उभी राहिली. एकतीस. त्याने काटा झटकला, शून्यावर आणला, पुन्हा. एकतीस. मग मला उभं केलं. माझं बरोबर आलं. त्यानंतर तो मला मालक म्हणाला नाही.

दिसायला तीच आहे. तसूभर कमी नाही. पण परतताना जिन्यावर एकाच्याच पावलांचा आवाज होत होता.

तारीख १५, शनिवार

हात धरला की कळतं. ऊब गेली. थंडही नाही, लाकडाला जेवढी असते तेवढीच.

लेकीला सगळं खरं सांगितलं. आधी हसली. मग तिला माझी काळजी वाटू लागली. आईला फोन द्या म्हणाली. दिला. हिने फोन कानाला लावला, ओठ हलवले. पलीकडून लेक दबक्या आवाजात म्हणाली, बाबा, ती इथून बोलली. आतल्या खोलीतून. आणि मी सकाळी उठले तेव्हा शेजारची उशी गरम होती.

तिचा आवाज भ्यालेला नव्हता. हेच फार वाईट. सुखावलेला होता.

तारीख १७, सोमवार

ऑफिसला निघताना हिने कागद हातात दिला. अक्षर फिकट, निब टेकलीच नाही असं. एकच शब्द : जाते.

एकोणतीस वर्षांत घराबाहेर पडताना ही ‘येते’ म्हणाली. कोपऱ्यावर जायचं असलं तरी. माहेरी निघाली तरी. इस्पितळात नेत होते तेव्हाही.

गेलो नाही ऑफिसला. समोर बसून राहिलो. पापणी लवू द्यायची नाही असं ठरवलं.

लवली.

तारीख १८, मंगळवार

खुर्ची. खुर्चीवर शाल. चष्मा घरीच राहिला.

नोंदीत : शेवटचा तुकडा, वाटेत. लेकीकडे आवाज गेला, ऊब गेली. बाकीची ही कुठे आहे ते वाटाड्याला माहीत. कुठल्याशा मुक्कामी, जिथे थांबायला काही पडत नाही. तिथे बसायला जागा असेल का? अंधारात तिला चष्म्याशिवाय —

तारीख १९, बुधवार

स्वतःची नोंद केली. नग एक. कुठे : लेकीचं घर. सर्वांत लवकर. तुकडे : चालणार नाहीत. मोठ्या बाई मागून म्हणत होत्या, दोन्हीकडे एकच पत्ता घाला, अजून वेळ आहे. पण त्या पत्त्यावर आता कोण आहे? वाटेत गाठ पडली तर तिच्याशी पडावी.

वाटाड्याने उत्तर दिलं. या मार्गावर आधीच माल आहे. एकत्र केल्यास स्वस्त.

माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही खुणा बदलल्या. स्वस्त. तुकडे चालतील. मी हात लावला नव्हता.

बाई रडल्या. मग पदराने डोळे पुसून विचारलं, तुमचा कप कुणाला देऊ?

तारीख २१, शुक्रवार

आवाज गेला. सकाळी तोंड धुताना खोकलो आणि काही ऐकू आलं नाही.

ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रलेखकाला बोलावं लागत नाही.

तारीख २३, रविवार

सुट्टी असून ऑफिस उघडवून घेतलं. नोंदीखाली नवी ओळ आली आहे. मी लिहिलेली नाही. कुणीच लिहिलेली नाही.

परतीचा माल. कुठून : लेकीचं घर. कुठे : आमचं घर. नग एक. तुकडे चालतील. वजन : रकाना रिकामा.

पेटी रिकामी परत आणणं सोसत नाही त्याला. नसला तर शोधून काढतो. या वाक्यावर मी पत्रात अलंकार चढवला होता. शेजारणीची वाटी.

लेकीला फोन लावला. बोलता येत नाही. ती विचारत राहिली, कोण? कोण बोलतंय? फोनवर संदेश लिहिला, सगळा, तारखांसकट. त्या घरातून निघ, आत्ताच्या आत्ता, वाटेल तिथे जा. तिचं उत्तर आलं : बाबा, हे काय लिहिताय? आत्ता तर स्वयंपाकघरातून तुम्हीच म्हणालात, घाबरू नकोस पोरी, सगळं ठीक होणार आहे.

तो आवाज माझा. मी तसंच म्हटलं असतं.

तारीख २४

पायांचा आवाज नाही. जिना उतरलो, कुत्र्याने मान वर केली नाही.

लेक आता फोन घेत नाही. जावयाचा संदेश : तुम्ही तिला घाबरवता आहात. कृपा करून थांबा.

ओळ पुसून पाहिली. पुसली जाते, परत येते. वजन अजून रिकामं. रिकामं आहे तोवर —

तारीख २५

सकाळी दहा. वजनाचा रकाना भरला. तीन किलो दोनशे.

पाच मिनिटांनी फोन. जावई. हसतोय, रडतोय. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी काही बोललो नाही, त्याला वाटलं गहिवरलो. मग म्हणाला, एकच गोष्ट, बाबा. रडली नाही अजून. डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे, श्वास आहे, रंग आहे, तोंड उघडते, रडल्यासारखं करते, पण

घरी आलो. पळत आलो, आवाज न होता. कुलूप मीच लावलेलं. उघडलं.

स्वयंपाकघरात बाळ रडतं आहे.

कुणी नाही. ओटा, सुरी, खुर्चीवर शाल. नुसतं रडणं. तान्हं, भुकेलं, शालीच्या उंचीवर

पोहोचली. पहिला तुकडा पोहोचला. बाकीची वाटेत — आणि घ्यायला घरात कोणीच — मीही अर्धा —

बोटं हलकी झालीत. लेखणी दिसते, धरलेली कळत नाही. अक्षर फिकट —

थांब बाळा. आलो. बोलता येत नाही गं मला, ऐकू येतंय सगळं. उचलतो. तिला उचलून घ्यायला मला हा