फान साहेबांचे नऊशे ऐंशी गुण

ती. मावशीला ताइचुंगहून श्यूमानचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? काकांची सकाळची माशाची पेज चालू आहे ना? (डॉक्टरांनी बंद केली असेल तर डॉक्टर बदला.) मी मजेत आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

तुला माहीतच आहे, आमची कंपनी कराओकेची यंत्रं बनवते. गाणं संपलं की यंत्र शंभरपैकी गुण देतं, आणि ते काढणारा प्रोग्राम माझ्या गळ्यात. आमचे मालक फान साहेब रोज जेवणानंतर चाचणीच्या नावाखाली गातात, कमी गुण मिळाले की दुपारभर आमच्यावर डाफरतात. आता, प्रोग्राममधल्या चुका शोधायला आमच्याकडे एक सोय असते. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि एका चिमुकल्या खिडकीत ‘गुण’ असं लिहून विचारायचं. तो निमूट सांगतो, एक्केचाळीस. तिथेच ‘गुण = ९८’ लिहून पुढे सोडला, की बिचारा तेच खरं मानतो. (नवऱ्यांना अशी खिडकी का नसते, ते काकांना विचार.) एका दुपारी मी तसं केलं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मग काय, मी रोजच तसं करू लागले.

पुढे मात्सूदेवीच्या देवळातली मंडळी उत्सवासाठी यंत्र बघायला बोलावते काय, आणि साहेब "मीच गाऊन दाखवतो" म्हणतात काय! मी लॅपटॉप जोडून नैवेद्याच्या टेबलाखाली दडले. घाईत थांबा चुकीच्या ओळीवर लावला. कडव्याच्या मधोमध संगीत बंद! साहेबांचे डोळे मिटलेले, ते गातच राहिले. भर अंगणात नुसता त्यांचा आवाज. कसंबसं गाणं पुढे ढकललं, पण शेवटी गुण भरताना ९८ पुढे एक शून्य जास्त पडलं आणि पडद्यावर झळकलं: शंभरपैकी नऊशे ऐंशी.

देवळाच्या प्रमुख ओंग आजी म्हणाल्या, "देवीच पावली की हो!"

साहेबांनी वायर धरत धरत येऊन टेबलाचं कापड उचललं. "श्यूमान, खरे किती?"

"एक्केचाळीस, साहेब."

"आणि रोजचे?"

"तेवढेच."

ते माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. मला रडू यायला लागलं. ते म्हणाले, "म्हणजे चहा फुकटच पाजला मी." आणि मग, हळूच, "मला गाणं शिकायचंय गं."

यंत्र मात्र खपलं. ओंग आजींना असंच हवं होतं, हात सैल सोडून गुण देणारं.

तुझी लाडकी,
श्यूमान

ता. क. माझी मावशी ताइनानात गाणं शिकवते, असं मी साहेबांना सांगून बसले आहे. रविवारी अननसाचे केक घेऊन येताहेत. सांभाळून घे.

ता. ता. क. काल त्याच खिडकीत डोकावताना खरी चूक सापडली. प्रोग्राम यंत्राच्या आतल्या पंख्याचा आवाजही बेसूर धरून सगळ्यांचेच गुण कापत होता. साहेबांचे खरे सत्याऐंशी. एवढ्यात सांगू नकोस हं! रियाजापायी त्यांनी ऑफिसातल्या शनिवारच्या बैठका बंद केल्या आहेत.