सरांचा खुराक

सर, गेल्या रविवारी जालन्यात अर्ध मॅरेथॉन धावले आणि पूर्ण केली. मधेच एकदा रस्ता सोडून पेट्रोल पंपावरच्या संडासात जाऊन आले, हेही लिहिते. तुमच्यासमोर हा शब्द काढायची माझी टाप नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शर्यत संपली की पहिला राग तुमचाच येतो. आज तो लिहूनच काढते.

भोकरदनला शाळेत तुम्ही मुलींची लांब पळण्याची टीम काढलीत तेव्हा लोक हसले होते. पोरींना पळवून काय करणार, म्हणायचे. तुम्ही कुणाला भीक घातली नाहीत. तुमच्या घरी म्हैस होती. काकू रोज सकाळी चरवी भरून धारोष्ण दूध द्यायच्या, आणि तुम्ही मैदानावर एकेकीला पुढे बोलवून मूठभर भिजवलेले हरभरे आणि पेलाभर दूध द्यायचात. संपल्यावर पेला उलटा करून दाखवायचा, मगच पळायला सुटायचं. खुराक म्हणायचात तुम्ही त्याला. आमच्यातल्या कितीजणींना घरीसुद्धा कुणी एवढं दूध देत नव्हतं. मला ते कळत होतं, म्हणून तर पोटात पीळ पडत असतानाही मी पेला उलटा करायचे.

एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यावर सराव चाललाय. मी पुन्हा रांग सोडून बाभळीमागे गेले आहे. परत येते तर तुम्ही शिट्टी घेऊन उभे. "रोज रोज कुठं गायब होऊन राह्यली तू? दम न्हाई तं घरी बस!" सगळ्या हसतात. मी तुम्हाला बाजूला बोलावते आणि आईलाही न सांगितलेलं सांगते, "सर, संडासातून रक्त जाऊन राह्यलंय." तुम्ही ओरडाल असं वाटतं. पण तुमचा चेहरा एकदम उतरतो. तुम्ही इकडेतिकडे बघता आणि हळूच म्हणता, "उष्णता असंल. असलं कुणाला सांगू न्हाई, पोरीची जात हाय. दूध बराबर पी, बिलकुल बरी होशील." पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या स्पर्धेतून मला वगळलंत. मनानं कच्ची आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. कच्ची! हा शब्द मी सासरपर्यंत बरोबर नेला.

पुढची कितीतरी वर्षं सब्जा, गुलकंद आणि मूळव्याधीच्या पुड्या यांतच गेली. ज्याला त्याला उष्णताच दिसायची. शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. जन्मभराचं दुखणं आहे, पण औषधांनी ताब्यात राहतं. उसळलं की विश्रांती घ्यायची, निवळलं की पळायचं. दूध सगळ्यांनाच बाधतं असं नाही, मला बाधतं. हे ऐकून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले, आणि ते रडणं दुखण्याचं नव्हतं. मी कच्ची नव्हते, आजारी होते. एवढं कळायला माझी निम्मी उमर गेली.

पण एवढ्यावर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. तुम्हाला तरी काय माहीत, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही गेल्यावर काकूंना भेटायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांला बी रक्त जात होतं गं, तुमची टीम होती तव्हापासून. मला धुण्यात दिसायचं. इचारलं की मूळव्याध हाय म्हणायचे, अन् कुणाला सांगू न्हाई दिलं. आतड्याचा कॅन्सर निघाला तव्हा लई उशीर झाल्ता."

म्हणजे त्या बाभळीपाशी तुम्हाला माहीत होतं! एकच त्रास असलेली दोन माणसं समोरासमोर उभी होती, आणि त्यातलं मोठं माणूस म्हणालं, सांगू नको. कसली लाज होती सर एवढी? साऱ्या गावाच्या हसण्याला तुम्ही भ्याला नाहीत आणि या एका गोष्टीला भ्यालात? 'मलाही होतंय' एवढंच म्हणाला असतात, तर आपण दोघं एकाच एसटीने दवाखान्यात गेलो असतो. तुम्ही आज असतात. माझ्याशी भांडायला तरी असतात.

मी आता गप्प बसत नाही. शर्यतीआधी वाटेत संडास कुठे कुठे आहेत, हे आयोजकांना सगळ्यांदेखत विचारते. सोबतच्या बायका आधी लाजायच्या, आता कान देऊन ऐकतात.

हे पत्र काकूंना वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही दाखवत. त्या हल्ली मुलाकडे जालन्यातच असतात. रविवारी शर्यत संपते तिथे त्या उन्हात उभ्या होत्या, हातात तीच चरवी आणि पेला. "सर असते तं नाचले असते बघ. घे, सकाळचंच हाय," म्हणाल्या. त्यांनी पेला काठोकाठ भरला. मी घेतला आणि प्यायले.

"पचतं ना गं तुला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले सर, आणि पेला उलटा करून दाखवला.